वीज पडण्याआधीची सवड

आपल्याकडे विजेचे बळी बहुतेक शेतातच जातात. एप्रिल-मेमधला वळीव आणि परतीचा पाऊस हे तिचे मुख्य हंगाम. मराठवाड्यात, विदर्भात दुपारनंतर आभाळ भरून येतं तेव्हा माणसं रानात असतात आणि पाऊस चुकवायला नेमकी झाडाखाली जातात. देशभरात दरवर्षी 2,000 हून अधिक माणसं विजेने दगावतात.

पुढची वीज कुठे पडेल हे नेमकं सांगता येत नाही. पण ती आता कुठे चमकते आहे, हे लगेच कळतं. प्रत्येक विजेतून रेडिओ लहरी निघतात. दूरदूर बसवलेल्या संवेदकांपर्यंत त्या किंचित मागेपुढे पोचतात आणि त्या फरकावरून जागा काढता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने असं जाळं उभारलं. तिचं 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजेचा इशारा मोबाइलवर देतं.

यातून मिळणारी थोडी सवड मला लाखमोलाची वाटते: औत सोडून पक्क्या घरात पोचण्याइतकी. रेंज नसेल तर कान आहेतच. चमक दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे, लगेच निघायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

एका गैरसमजापायी मात्र वाचू शकणारी माणसं जातात. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला बेधडक हात लावावा. श्वास थांबला असेल तर 108 ला फोन करून लगेच छाती दाबायला सुरुवात करावी.