अर्धंच अंग का लुळं पडतं? मेंदूपासून मेरुरज्जूपर्यंतची वाट

 

इथं बंगळुरूत कुणाला झटका येऊन हातपाय लुळे पडले, की कन्नडमध्ये म्हणतात ‘पार्श्ववायू’. आपण मराठीत म्हणतो ‘अर्धांगवायू’ किंवा ‘पक्षाघात’. हे शब्द नीट ऐका. पार्श्व म्हणजे बाजू, पक्ष म्हणजेही बाजू आणि अर्धांग म्हणजे अर्धं अंग. हा आजार शरीराची एकच बाजू धरतो, हे जुन्या लोकांनी पाहिलं आणि नावातच नोंदवून ठेवलं. पण एकच बाजू का? आणि पाठीच्या कण्याला मार बसला, की बाजू न जाता कमरेखालचा भाग का जातो? दोन्हींचं उत्तर एकाच वाटेवर आहे. चला, तिच्यावरून चालत जाऊ.

वाट सुरू होते डोक्याच्या वरच्या भागात. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड लावला, तर साधारण त्याच्या खाली मेंदूची एक पट्टी येते. हालचालींचे हुकूम मुख्यतः इथून निघतात. या पट्टीवर शरीराचा नकाशा आहे, पण उलटा. पाय सगळ्यात वर, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या घडीत. त्याखाली हात आणि कानाच्या बाजूला चेहरा, जीभ. शिवाय जागा आकारानुसार मिळत नाही, कामानुसार मिळते. सुईत दोरा ओवणाऱ्या बोटांना भरपूर जागा, अख्ख्या पाठीला थोडीशी.

आता केस विंचरण्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सगळीकडचे केस मागे ओढून वेणीच्या मुळाशी एका मुठीत येतात. तसेच इथले चेतातंतू खाली येताना एका अरुंद जागेत गोळा होतात. तिला ‘इंटर्नल कॅप्सूल’ म्हणतात. एका बाजूच्या या वाटेवर सुमारे दहा लाख तंतू असतात. वरच्या पट्टीवर लहानशी इजा झाली, तर कदाचित फक्त हात जाईल. पण या मुठीत तेवढीच इजा झाली, तर चेहरा, हात, पाय सगळं एकदम जातं. इथल्या रक्तवाहिन्या अगदी बारीक असतात आणि वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब त्यांनाच खराब करतो. म्हणून रक्तदाबाची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करायची नसते.

पुढे वाट मेंदूच्या देठातून मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेड्युलात येते. इथं वेणीचे पेड एकमेकांना ओलांडतात. दहापैकी आठ-नऊ तंतू बाजू बदलतात. डाव्याचे उजवीकडे जातात, उजव्याचे डावीकडे. म्हणून डाव्या मेंदूत गाठ अडकली, की उजवं अंग पडतं. बहुतेकांची भाषाही डाव्या मेंदूत असते, त्यामुळे उजव्या अंगाबरोबर पुष्कळदा बोलणंही जातं.

इथून पुढे मेरुरज्जू. बंगळुरूकरांनी आपली ग्रीन लाईन मेट्रो आठवावी. मॅजेस्टिकहून दक्षिणेला निघालं, की आधी जयनगर, मग बनशंकरी, मग जे. पी. नगर. समजा बनशंकरीला रूळ तुटला, तर जयनगरचे प्रवासी घरी पोचतील, जे. पी. नगरचे अडकतील. मेरुरज्जूतही हाताचे हुकूम मानेच्या स्थानकावर उतरतात, पायाचे आणखी खाली जातात. मानेत इजा झाली तर हात-पाय दोन्ही जातात. मानेच्या खाली, पाठीत झाली तर हात वाचतात.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. ते सैन्यात होते, बॉक्सर होते. 1965च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात. कमरेखालचं अंग गेलं, हात राहिले. त्याच हातांनी ते पोहले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. पॅरालिंपिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण.

स्थानकावर उतरलेला हुकूम थेट स्नायूला जात नाही. तिथं दुसरी चेतापेशी तो घेते आणि स्नायूपर्यंत नेते. रिले शर्यतीसारखं. पहिला धावपटू पडला, तर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अवयव ताठर होतो, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जोरात उडतो. दुसरा पडला, तर अवयव ढिला राहतो, स्नायू वाळतो. पोलिओचा विषाणू या दुसऱ्या पेशीवरच घाला घालतो. डॉक्टर ती छोटी हातोडी मारतात तेव्हा वाट कुठं तुटली, याचाच शोध घेत असतात.

म्हणजे अर्धांगवायूत हात बिघडलेला नसतो, वर वाट तुटलेली असते. म्हणून अशा वेळी हाताला तेल चोळत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर पहिलं लक्षण किती वाजता दिसलं ते लक्षात ठेवा. पाणीसुद्धा पाजू नका, कारण गिळणंही बिघडलेलं असू शकतं. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. रक्ताची गाठ असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि जितकं लवकर, तितकं चांगलं.

नंतरही धीर सोडू नका. तोल सांभाळणाऱ्या काही जुन्या वाटा मेंदूच्या देठातून वेगळ्या खाली जातात, म्हणून खांदा आणि धड पुष्कळदा आधी सावरतात, बोटं मागून. व्यायाम चालू ठेवायचा असतो तो यासाठी.

हा भाग घरातल्या सगळ्यांना ऐकवा. प्रसंग येईल तेव्हा घड्याळ कुणी पाहायचं, हे आधीच ठरलेलं बरं.