बिब्बा कुणाला उततो?

मराठीत दूध उततं आणि बिब्बाही उततो. दूध आचेनं उततं हे सगळ्यांना ठाऊक. बिब्बा कशानं उततो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तेल जहाल, कातडी जळते, विषय संपला. रत्नागिरीकडे हाच न्याय काजूच्या आणि आंब्याच्या चिकालाही लावतात. तिन्ही झाडं एकाच कुळातली, चिकातली तेलकट द्रव्यंही एकमेकांची भावंडं. तेव्हा तिघांना एका मापानं मोजण्यात काही चूक नाही. चूक आहे ती 'जळतं' या शब्दात.

मार्चमध्ये आमच्या आळीत ओल्या काजूगरांचं काम चालतं. एक काकू पुढ्यात राख घेऊन बसतात. हिरवी बी राखेत घोळवायची, पात्यावर धरून दोन भाग करायचे, टोकदार काडीनं गर उचकटून पातेल्यातल्या पाण्यात टाकायचा. शे-दोनशे गर होईतो बोटांची पेरं काळी पडतात आणि आठवड्याभरात त्यांची सालपटं निघू लागतात. शेजारी बसणाऱ्या त्यांच्या सुनेलाही पहिली दोन वर्षं नुसती सालपटंच निघाली. तिसऱ्या वर्षी ती जेमतेम तासभर बसली, हात धुऊन उठली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पापण्या सुजून डोळे मिटले आणि मनगटापासून कोपरापर्यंत पाण्याचे फोड आले. काकूंनी निदान केलं, "हिला सवय नाही." सून आजारी पडली होती ती सवय झाल्यामुळेच.

काकूंची सालपटं म्हणजे सरळ भाजणूक. काजूच्या टरफलातलं तेल दाहक असतं. पुरेसं लागलं तर कुणाचीही कातडी सोलून काढतं, आणि जिथे लागलं तिथेच. सुनेचं दुखणं वेगळं. चिकातले बारीक तेलकट रेणू कातडीत मुरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. कातडीतल्या पहारेकरी पेशी ही 'बिघडलेली' प्रथिनं उचलून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि टी-पेशींना दाखवतात. या शिकवणीला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. कधी ही शिकवणी पहिल्याच हंगामात होते, कधी विसाव्या, कुणाची कधीच होत नाही. एकदा झाली की मात्र पुढच्या वेळी चिकाचा पुसटसा हात पुरतो. टी-पेशी जमतात, आसपासच्या पेशींवर तुटून पडतात, आणि ही जमवाजमव व्हायला एक-दोन दिवस जातात. फोड उठतात ते या हल्ल्याचे. चीक फक्त निमित्त.

म्हणून 'लहानपणापासून हाताळतोय, आता कसली ॲलर्जी?' हा प्रश्न उलटा आहे. आधी कधी गाठ पडलेली असल्याशिवाय ॲलर्जी होतच नाही.

फोड आले की घरात दुसरी भीती असते : फोडातलं पाणी लागलं की पसरतं. सुनेला वेगळी चादर दिली होती, मुलाला जवळ घेऊ दिलं नव्हतं. फोडातल्या पाण्यात चीक नसतो, त्यानं स्वतःला वा दुसऱ्याला काही होत नाही. पसरल्यासारखं दिसतं, कारण पातळ कातडीवर आधी उठतं आणि जाड कातडीवर दोन दिवसांनी. खरा पसरवणारा असतो पदराला, विळीच्या मुठीला, नखांच्या बेचक्यात राहिलेला चीक. हात लगेच साबणानं धुवावेत, आणि हातांइतकीच मूठही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नि कमरेवर नेमक्या जागी चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी माग काढला तो धोब्यापर्यंत. कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायची त्याची जुनी रीत. खूण अंगाला टेके तिथेच चट्टा. त्यांच्या देशात रानोमाळ वाढणारी 'पॉयझन आयव्ही' ही वेल बिब्ब्याच्याच कुळातली. लहानपणी तिच्याशी गाठ पडलेल्यांच्या कातडीला आपला बिब्बा अनोळखी वाटला नसावा.

आंब्याचंही तेच. ओठांच्या कडेला पुरळ आलं की 'हापूस उष्ण' असं म्हणून मोकळं व्हायचं. चीक असतो देठाशी आणि सालीत. दातांनी साल सोलणाऱ्याला उततो, आणि तोच माणूस दुसऱ्यानं कापून दिलेल्या फोडी बहुधा बिनघोर खातो. खाण्याआधी आंबे पाण्यात घालून ठेवायची आपली रीत चांगलीच आहे. तिनं उष्णता निघत नसेल, वाळलेला चीक धुतला जातो.

काजूत आणखी एक गोम आहे. टरफलातल्या तेलाची ॲलर्जी वेगळी आणि आतल्या गराची वेगळी. गराच्या ॲलर्जीत भांडण गरातल्या प्रथिनांशी असतं, ती खाल्ल्यावर काही मिनिटांत उठते आणि जिवावर बेतू शकते. तेव्हा 'मला काजू उततो' एवढं डॉक्टरांना सांगून भागत नाही; हाताला की पोटात गेल्यावर, आणि किती वेळानं, हेही सांगावं लागतं.

वेळेचा हा फरक कशानं पडतो, ते दोन प्रयोगांनी उलगडलं. पहिला १९२१चा, आणि मत्स्याहारी कोकणाला जवळचा वाटावा असा. जर्मन डॉक्टर क्यूस्टनर यांना मासे खाल्ले की अंगावर गांधी उठत. त्यांच्या रक्तातला द्रव त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि प्राउस्निट्झ यांना तिथे गांधी आली. म्हणजे रक्तात काहीतरी होतं. पुढे १९६०च्या दशकात ते सापडलं, त्याचं नाव आयजीई. दुसरा प्रयोग १९४२चा, रक्तगट शोधणारे लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी चेस यांचा. कातडीला रसायन लावून ॲलर्जी झालेल्या गिनीपिगचा रक्तद्रव दुसऱ्याला देऊन काही होईना. पेशी दिल्या तेव्हा झालं. रक्तात तयार असलेली आयजीई मिनिटांत काम करते, पेशींना गोळा व्हायला दिवस लागतात. पुढे १९६३मध्ये जेल आणि कूम्ब्ज यांनी असल्या अतिप्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले. मासा पहिल्यातला, बिब्बा चौथ्यातला.

दुसऱ्या प्रकाराविषयी एवढंच : आई आरएच निगेटिव्ह आणि पोटातलं मूल पॉझिटिव्ह असेल, तर 'पहिलं सुखरूप झालं, आता काळजी नाही' असं नसतं. बहुतेक वेळा पहिल्या बाळंतपणात आईचं शरीर शिकतं आणि दुसऱ्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतं. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात ते ही शिकवणी रोखायला.

आता गांधीविषयी. अंगावर उठलं की आपण 'पित्त उठलं' म्हणतो आणि आमसुलाचं पाणी लावतो. शब्द गोड आहे, पण यकृतातल्या पित्ताचा इथे काही संबंध नाही. कातडीतल्या मास्ट पेशी फुटून हिस्टामिन सांडतं. त्यानं रक्तवाहिन्या पाझरतात, चट्टा फुगतो, खाज सुटते. आमसुलाच्या पाण्याचा गारवा खाजेला बरा वाटतो, जरूर लावावं. सहा आठवड्यांहून अधिक काळ येत-जात राहणारं पित्त बहुधा कुठल्याच पदार्थाच्या ॲलर्जीनं नसतं. वांगं बंद, दही बंद, मासे बंद, असं करत कुपथ्याची यादी लांबवून माणूस वाळतो, पित्त तसंच राहतं.

आणि माशाचं म्हणाल, तर इथे बांगडा विनाकारण बदनाम झाला आहे. दुपारी जेवण झालं, तासाभरात तोंड लालभडक, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. लोक म्हणतात, बांगडा बाधला, ॲलर्जी झाली. पहिला प्रश्न विचारायचा : पंगतीत आणखी कुणाला झालं? चौघांना झालं असेल तर दोष चौघांच्या शरीराचा नाही, माशाचा आहे. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आपल्या मास्ट पेशींतून जे सांडायचं ते ताटातच वाढून येतं. तळा, शिजवा, नंतर फ्रीजमध्ये ठेवा, ते जात नाही. ही विषबाधा आहे. पुढच्या आठवड्यात ताजा बांगडा तोच माणूस खुशाल खाऊ शकतो.

कोळंबीची गोष्ट वेगळी. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवूनही टिकतं, आणि त्याची ॲलर्जी असलेल्या एकट्यालाच त्रास होतो. त्या प्रथिनाचे जवळचे भाऊबंद घरधुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही असतात. तिच्याबाबत 'थोडी थोडी खाऊन अंगवळणी पाडू' हा घरगुती उपाय कुणी करू नये. फ्रान्सच्या शार्ल रिशे यांनी १९०२च्या सुमारास कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष थोडं थोडं टोचून सवय लावायचा घाट घातला होता. काही आठवड्यांनी दिलेल्या छोट्याशा मात्रेनं एक कुत्रा काही मिनिटांत गेला. या उलट्या प्रकाराला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' नाव दिलं आणि त्यांना १९१३चं नोबेल मिळालं. जीभ-घसा सुजला, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, चक्कर आली, तर औषध ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. खाजेची गोळी तिथे पुरत नाही.

या साऱ्यावर 'प्रतिकारशक्ती कमी पडली' म्हणून काढे पाजणारेही भेटतात. सुनेच्या कोपरावरचे फोड पाहून कुणाला तसं वाटलं तर नवल. शक्ती कमी कुठली, ती भलत्या घरावर चालून गेलेली.

राहिला तिसरा प्रकार, आणि तो आपल्याकडे फुरशाच्या वाटेनं येतो. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी इतकी, की इंग्रज सरकारनं मारलेल्या फुरशामागे बक्षीस लावलं होतं. आजही कातळावर गवत कापताना, चिरे उचलताना ते डसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. मुंबईच्या हाफकिनचं नाव तिच्याशी कित्येक वर्षं जोडलेलं आहे. 'लशीची रिॲक्शन येते, माणूस त्यानंच दगावतो' या धास्तीनं लोक मांत्रिकाकडे वेळ घालवतात. रिॲक्शन येते हे खरं. बहुतेकदा पहिल्या दोन-तीन तासांत येते आणि हाताशी ठेवलेल्या ॲड्रिनॅलिननं आवरते. फुरशाच्या विषानं न गोठणारं रक्त मात्र लशीवाचून ताळ्यावर आणणं कठीण. आधी कातडीवर थेंब टोचून 'टेस्ट' केली की निर्धास्त, ही समजूतही टिकलेली नाही; त्या चाचणीनं रिॲक्शन येणार की नाही हे कळत नाही.

मग रुग्ण घरी येतो, आठ-दहा दिवस बरे जातात, आणि अचानक ताप चढतो, सांधे धरतात, अंगावर पुरळ उठतं. घरचे म्हणतात, विष उलटलं. तोवर विष कधीच संपलेलं असतं. या दिवसांत शरीरानं घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवलेली असतात. दोघांची जाळी रक्तात तरंगत सांध्यांत, कातडीत, कधी मूत्रपिंडात अडकते आणि तिथे दाह करते. पिर्के आणि शिक या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९०५मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं, आणि 'ॲलर्जी' हा शब्द पिर्के यांनीच पुढच्या वर्षी घडवला. औषधानं हे दुखणं थोड्या दिवसांत ओसरतं. डॉक्टर नवा असेल तर त्याला नुसता 'ताप आहे' सांगू नये. लस कुठल्या तारखेला, किती कुप्या दिली ते डिस्चार्जच्या कागदावर असतं. तो कागद बरोबर न्यावा.