विद्यार्थ्याची झडती आणि शाळेची शिस्त

कारखान्याच्या फाटकावरची झडती आम्हा कामगारांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने एवढे तरी केले की, झडतीची बाब मालकाला लेखी नियमांत घालावी लागे आणि कामगाराला काढून टाकण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप कळवून त्याचे म्हणणे ऐकावे लागे. आता त्याच कामगाराच्या मुलाचे दप्तर शाळेत उलटे केले, अथवा त्याला आठ-दहा दिवस घरी बसविले, तर त्याला कोणी काही विचारावयास बांधलेले आहे काय? अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ते निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण त्यामागील विचार समजून घेण्याजोगा आहे.

१९७१ साली ओहायो राज्यातील कोलंबस शहरात शाळांतून बरीच गडबड झाली आणि अनेक मुलांना घरी पाठविण्यात आले. त्यांतील एका मुलाचे म्हणणे असे की, जेवणघरात मोडतोड झाली तेव्हा मी नुसता जवळ उभा होतो. खरे असेल, खोटे असेल. पण त्याला ते कोणी विचारलेच नाही! त्या राज्याच्या कायद्यानुसार मुख्याध्यापक १० दिवसांपर्यंत निलंबन करू शकत आणि २४ तासांत पालकांना कारण कळविले की त्यांचे कर्तव्य संपे. १९७५ साली ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, राज्याने मोफत शिक्षण देऊ केले आहे, तेव्हा ते मुलाच्या मालकीचे झाले; शिवाय निलंबनाने त्याच्या नावाला बट्टा लागतो. म्हणून आरोप काय ते त्याला सांगा, तो नाकारत असेल तर पुरावा काय ते सांगा, आणि त्याची बाजू ऐका. मुलापासून धोका असेल तर त्याला आधी बाहेर काढा, पण नंतर लवकरात लवकर ऐका.

यात वकील नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नाही. आमच्या खातेनिहाय चौकशीच्या मानाने हे फारच थोडे. तरीही विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींना भीती वाटली की, आता न्यायाधीश वर्गात येऊन बसणार. मला ती भीती अवास्तव वाटते. मुख्याध्यापकांच्या खोलीतील पाच मिनिटांच्या बोलण्याने शिस्त ढासळत असेल, तर ती आधीच ढासळलेली असली पाहिजे.

झडतीचा निकाल १९८५ चा. न्यू जर्सीतील एका १४ वर्षांच्या मुलीला स्वच्छतागृहात धूम्रपान करताना शिक्षिकेने पाहिले. मुलीने नाकारले, तेव्हा उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली. सिगारेट निघाल्या आणि पुढे शोधता गांजाही निघाला. आम्ही आईबापांच्या जागी आहोत, तेव्हा झडतीविरुद्धचे घटनात्मक संरक्षण आम्हाला लागू नाही, हा शाळेचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. मात्र शिक्षकाला वॉरंटही नको, असे ठरविले. संशयाला वाजवी आधार हवा आणि झडती त्या संशयाच्या मापाची हवी, एवढे पुरे. ही झडती त्या कसोटीस उतरली.

मापाची ही गोष्ट किती मोलाची आहे ते ॲरिझोनातील सॅफर्ड गावी २००३ साली दिसले. १३ वर्षांच्या मुलीजवळ दुखण्यावरच्या गोळ्या आहेत, असे दुसरीने सांगितले. दप्तर पाहिले, काही मिळाले नाही. येथे थांबावयास हवे होते. त्याऐवजी तिला परिचारिकेच्या खोलीत नेऊन कपडे उतरविण्यापर्यंत झडती झाली. तरी हाती शून्य. २००९ साली न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ही झडती घटनाविरोधी ठरविली, पण कायदा तोवर पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून अधिकाऱ्यांना व्यक्तिशः भरपाईतून सोडले. मुलीच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि याच न्यायालयाने १९७७ साली फ्लॉरिडातील एका खटल्यात लाकडी फळीने मारण्यास मात्र मोकळीक दिली. मारण्यापूर्वी मुलाचे ऐकण्याचीही गरज नाही, असे म्हटले. म्हणजे घरी पाठवायचे तर विचारा, बडवायचे तर विचारू नका!

या बाबतीत आपण पुढे आहोत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे, आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. वर्गासमोर चोर ठरवून खिसे रिकामे करायला लावणे हा मानसिक छळ नव्हे असे कोणी म्हणेल, तर मी त्याच्याशी वाद घालीन. पण या कायद्यातील मूल म्हणजे ६ ते १४ वर्षांचे. नववी-दहावीत, जेव्हा दप्तरे तपासण्याचा उत्साह वाढतो, तेव्हा हे छत्र संपलेले असते. त्या मुलांसाठी झडती कोणी घ्यावी, कोणासमोर घ्यावी, मुलीची झडती स्त्रीनेच घ्यावी आणि निलंबनापूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे लिहून घ्यावे, ही कलमे शाळेच्या नियमावलीत घालून घ्यावी लागतील. पालक-शिक्षक संघाची पुढची बैठक असेल, तेव्हा नियमावलीची प्रत मागून पाहावी.