नव्या पीसीचा पंचनामा

लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले, तरी संगणकाचे सुटे भाग घ्यायला निघालेला माणूस ते क्वचितच उच्चारतो. तिथून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड अशी खोकी लोकलने कोपर-डोंबिवलीपर्यंत येतात आणि एखाद्या रविवारी हॉलच्या लादीवर त्यांचा डेस्कटॉप उभा राहतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो ऐन कामात निळा पडदा दाखवतो, नाहीतर फट्‌दिशी बंद होतो. मग घरात दोनपैकी एक निकाल लागतो: ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मार’, किंवा ‘दुकानदाराने डुप्लिकेट पार्ट माथी मारला’. दोन्ही निकाल पुरावा न बघता दिलेले. नव्या जोडलेल्या संगणकाचा दोष एखाद्या भागाच्या पोटात शोधण्याआधी तो दोन भागांच्या मध्ये, म्हणजे जोडणीत, सेटिंगमध्ये आणि भिंतीतून येणाऱ्या विजेत शोधावा, असे माझे म्हणणे आहे.

याला आधार आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये ग्राहकांकडच्या सुमारे १० लाख संगणकांच्या नोंदी तपासल्या. प्रोसेसर एकूण ३० दिवस चाललेल्या यंत्रांमध्ये त्याच्या दोषाने एकदा कोसळण्याची शक्यता साधारण १९० मध्ये १ होती. एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता मात्र जवळजवळ तीनात एक निघाली. म्हणजे पहिल्या क्रॅशनंतर ‘होतं कधी कधी’ म्हणून रिस्टार्ट करणे हे पायात काटा मोडल्यावर चालत राहण्यासारखे आहे. याच अभ्यासात ब्रँडेड आणि सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रांचीही तुलना होती. मेमरीच्या चुका जोडलेल्या यंत्रांत ठळकपणे जास्त होत्या. हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र फरक जवळपास नव्हताच. डिस्क कारखान्यात पूर्ण बनून येते, ती फक्त जोडायची असते. मेमरीचे तसे नाही. कोणती पट्टी, कोणत्या खाचेत, किती वेगाने चालवायची, हे जोडणारा ठरवतो. स्वस्त रॅमचाही या फरकात वाटा असू शकतो, हे मान्य. पण रॅम बदलायला पैसे लागतात; जोडण्यातली चूक फुकटात सुधारता येते.

मेमरीपाशी म्हणूनच जरा थांबू. डीडीआर४ च्या पट्टीला २८८ सोनेरी संपर्क असतात आणि खाचेची कडी ‘टक्‌’ आवाज करून बसल्याशिवाय ते सगळे नीट टेकलेले नसतात. अर्धवट बसलेली पट्टीही कधी कधी चालते, तेच घातक. चार खाचांच्या बोर्डवर दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात; पुष्कळजण शेजारी-शेजारी लावून मोकळे होतात. खोक्यावर छापलेला वेग हा तर आणखी वेगळा घोटाळा. डीडीआर४ ची प्रमाणित विद्युतदाब-पातळी १.२ व्होल्ट आहे, पण बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे खोक्यावरचा वेग लागू करणारे सेटिंग, चालू केले की ती सहसा १.३५ व्होल्ट होते आणि वेग प्रमाणाच्या पुढे जातो. तो वेग पट्टीला झेपतो; त्या बोर्डला आणि त्या प्रोसेसरला झेपेलच, याची हमी खोके देत नाही. डीडीआर५ वाल्यांसाठी एक सूचना: पहिल्यांदा चालू करताना बोर्ड मेमरीची जुळणी करत असतो, तेव्हा पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. ‘मेला’ म्हणून बटण दाबू नये.

यंत्र मेले कसे, यावरून बरेच कळते. निळा पडदा आला तर विंडोजला काहीतरी चुकल्याचे कळले होते आणि तिने मरताना जबानी दिली. क्षणात काळोख झाला तर तिला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही, संशय विजेवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद मात्र भल्याभल्यांना फसवते. नावात पॉवर असल्याने लोक थेट एसएमपीएस बदलायला धावतात. ती नोंद पुन्हा चालू झाल्यावर लिहिली जाते आणि ‘मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो’ एवढेच सांगते. तो पंचनामा आहे, शवविच्छेदन नव्हे. उष्णतेलाही लोक उगाच आरोपी करतात. आजचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. कूलरच्या तळावरची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिली असेल तर गोष्ट वेगळी.

विजेचे गणित बघण्यासारखे आहे. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. एसएमपीएसच्या मानकात पुरवठा तुटल्यावर तग धरण्याची अपेक्षा साधारण १६-१७ मिलिसेकंदांची आहे; एका आवर्तनाहूनही कमी! लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर याहून सावकाश जागा झाला, तर ट्यूबलाइट नुसती लुकलुकते आणि पीसी मरतो. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे ‘यूपीएस मोड’चे बटण असते ते यासाठीच. दुसरे अर्थिंग. तीन पिनांच्या सॉकेटात अर्थची तार पोहोचलेलीच नसेल, तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटचा पत्रा सुमारे ११५ व्होल्टला तरंगत राहतो. अनवाणी पायांनी त्याला हात लावला की झिणझिण्या येतात. हे इलेक्ट्रिशियनचे काम आहे, दुकानदाराचे नव्हे.

डोंबिवलीकर यावर म्हणतील, इथली हवाच खराब. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीत प्रदूषणाने रस्ता गुलाबी झाला होता, तिथे तांब्याचे काय होणार? गंधकयुक्त वायूंनी इलेक्ट्रॉनिक्स गंजते, हे खरेच आहे. डेटा सेंटरसाठीची प्रचलित मर्यादा तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉम, म्हणजे ०.०३ मायक्रॉन गंज अशी आहे. बोर्डवरच्या तांब्याच्या रेघेची जाडी सुमारे ३५ मायक्रॉन असते. हवा मर्यादेच्या दहापट वाईट धरली, तरी चार दिवसांच्या यंत्राचा खून तिच्या माथी मारता येत नाही. चार वर्षांच्या यंत्राबद्दल तिला जरूर विचारा.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. भागच सदोष निघाला तर? निघतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेज मागून स्वतःचेच नुकसान करत होते. कंपनीने २०२४ मध्ये ते कबूल केले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण या प्रकरणात अनेक गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडत होते. पडद्यावर नाव ग्राफिक्स कार्डचे, दोषी प्रोसेसर. संदेश वाचून भाग बदलणाऱ्यांचे पैसे वाया गेले असणार. ज्यांनी तेच कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहिले, त्यांना उत्तर मिळाले. म्हणजे सदोष भागही सापडतो तो एका वेळी एकच गोष्ट बदलण्यानेच. शिवाय झालेली इजा दुरुस्तीने भरून येत नव्हती, हे लक्षात घेऊन या पिढ्यांचा प्रोसेसर असेल तर बायोस आधी अद्ययावत करावे.

तेव्हा क्रम फुकटाकडून खर्चाकडे. एक्सएमपी बंद करून बघा. पट्ट्या काढून पुन्हा बसवा, मग एकाच पट्टीवर चालवा. इन्व्हर्टर वगळून दुसऱ्या सॉकेटवर जोडा. प्रत्येक बदल आणि क्रॅशची वेळ वहीत लिहा. दुकानदारही अशा वहीपुढे सहसा वाद घालत नाही. मेमरी तपासणारे मेमटेस्ट रात्री झोपताना लावले तर सकाळी निकाल समोर असतो. भाग बदलायला लॅमिंग्टन रोडला धावणे शेवटी ठेवा: कोपरला फक्त धीम्या लोकल थांबतात, आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला जाऊन यायचे तर अर्धा दिवस मोडतो.