कालव्याच्या टोकाला शेवाळ

बार्सिलोनाच्या दक्षिणेला, ल्योब्रेगात नदी समुद्राला मिळते त्या सपाट गाळाच्या पट्ट्यात आर्टिचोकची आणि भाजीपाल्याची शेतं आहेत. त्यांना लागूनच, विलादेकान्स गावाजवळ, कॅटलोनियाच्या तंत्र विद्यापीठाचं ‘आग्रोपोलिस’ नावाचं प्रयोगक्षेत्र. गेल्या दशकात तिथे पारदर्शक प्लास्टिकच्या लांबलचक नळ्या जमिनीवर आडव्या अंथरल्या गेल्या. दोन्ही टोकांना उघड्या टाक्या, टाक्यांत संथ फिरणारी वल्ह्यांची चाकं आणि सगळीकडे हिरवं पाणी. एका संचात ११.७ घनमीटर पाणी, म्हणजे एक मोठा टँकर. असे तीन संच.

पाणी यायचं शेजारच्या कालव्यातून. शेतांचा निचरा त्यात उतरतो. सोबत खतांचं नत्र आणि फवारणीचे अंश. ते पाणी शेवाळाकडून स्वच्छ करून पुन्हा वापरता येतं का, हे युरोपीय संघाच्या ‘इन्कव्हर’ प्रकल्पात २०१६ पासून तपासलं गेलं. नुसत्या शेतीच्या पाण्यावर शेवाळाचं पोट भरत नाही, स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतो. म्हणून त्यात थोडं घरगुती सांडपाणी मिसळलं गेलं.

मूळ कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात शहरी सांडपाण्यासाठी शेवाळाचे उथळ तलाव उभे केले. शर्यतीच्या मैदानासारखा लंबगोल चर, खोली जेमतेम एक फूट, मध्ये पाणी ढकलणारं चाक. खोली वाढवून चालत नाही, कारण खालच्या थरापर्यंत ऊनच पोहोचत नाही. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू जगतात आणि घाण कुजवतात. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि नत्र-स्फुरद शेवाळ खातं. हवा भरणाऱ्या यंत्रांचं विजेचं बिल इथे बरंचसं सूर्य भरतो.

कीटकनाशकांचं काय होतं? काही औषधं पाण्यात रमत नाहीत, ती क्लोरेलासारख्या शेवाळाच्या काही मायक्रॉनच्या पेशींच्या भिंतीला चिकटतात. काही आत शिरतात आणि पेशीतली विकरं त्यांचे तुकडे करतात. काहींना ऊनच फोडतं. चौथी वाट मात्र गमतीची: भर दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतक्या वेगाने ओढून घेतं की पाण्याचा सामू नऊ-दहापर्यंत चढतो, आणि अशा अल्कधर्मी पाण्यात मॅलॅथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं आपोआप विघटित होऊ लागतात.

या संशोधनाची एक महत्त्वाची कडी आपल्या शेजारी आहे, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. आंध्रातल्या अनंतपूरच्या श्रीकृष्णदेवराय विद्यापीठात मल्लवरपू मेघराज, वेंकटेश्वरलू आणि राव यांनी मातीतूनच वेगळं केलेलं शेवाळ मोनोक्रोटोफॉस आणि क्विनालफॉस ही औषधं मोडू शकतं, हे १९८७ मध्ये दाखवून दिलं. मोनोक्रोटोफॉस विदर्भातल्या कापूस उत्पादकाला नव्याने सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. युरोपात तर बहुतेक कीटकनाशकांची प्रत्येकी मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम आहे.

इतक्या सूक्ष्म मात्रेपर्यंत हिरवं पाणी औषधांना नेहमी खाली आणतं का? नाही. काही द्रव्यं भराभर घटतात, काही जवळपास तशीच पार होतात. तणनाशकांशी तर थेट वैर आहे. अॅट्राझीन आणि डाययुरॉन तणाचं प्रकाशसंश्लेषण थांबवून त्याला मारतात. शेवाळाचीही तीच यंत्रणा असते. अशा पाण्याचा मोठा लोट आला, तर शुद्धीकरण करणारेच आधी मरतात.

महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते पावसाळ्यात. कपाशीवर औषध पडतं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं आणि ओढे दुथडी वाहत असतात. तो पूर फूटभर खोलीच्या तलावात मावणार नाही, आणि मावला तरी ऊन नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात चित्र वेगळं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या बहुतांशी निरभ्र आकाशाखाली होतात. पंप आणि टाक्या धुतलेलं थोडं पण तीव्र पाणी तिथे एका जागी गोळा करता येईल, पातळ करून हळूहळू तलावात सोडता येईल. हे तंत्र शोभेल ते अशाच ठिकाणी; नदी शुद्ध करण्याच्या घोषणेत नव्हे.

आणि शेवाळाचं करायचं काय? एका घनमीटर पाण्यामागे कोरडं वजन अर्धा किलोच्या आसपास भरतं, आणि ते आधी पाण्यापासून वेगळं करावं लागतं. एरवी ते खत म्हणून किंवा पशुखाद्य म्हणून खपलं असतं. पण ज्याच्या पेशींना औषध चिकटलंय, ते शेवाळ गाईपुढे टाकता येत नाही. त्यात उरलेला अंश प्रयोगशाळेत मोजायची सोय आणि त्याच्या विल्हेवाटीचा खर्च ज्या प्रस्तावात लिहिलेला नसेल, तो कोणत्याही ग्रामपंचायतीने किंवा शेतकरी कंपनीने मंजूर करू नये.