नियम हवेत, पण वजन पाहून

शिरूर तालुक्यात मी ड्रोनने उसावर फवारणी करतो. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरायला गडी तयार होत नाही. पाल्याने हातापायांवर चरे उमटतात, औषध तोंडावर उडतं आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो. दहा लिटर टाकीचा ड्रोन हेच काम काही मिनिटांत एकरभर उरकतो, माणूस बांधावरच उभा राहतो. म्हणून हे यंत्र टिकलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पण लोकांची भीतीही खरी आहे. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याच भागात रात्री ड्रोन घिरट्या घालू लागल्याची बातमी पसरली आणि चोरांच्या धास्तीने गावंच्या गावं जागली. तेव्हापासून पोलीस पाटलांना कळवल्याशिवाय मी कुणाच्या शिवारात पंखे फिरवत नाही.

सरकारने २०१४ मध्ये नागरी ड्रोनवर सरसकट बंदी घातली होती. पुढे नियम आले, पण मार्च २०२१ च्या नियमांत अर्जांचेच पंचवीस प्रकार होते. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी ते पाचवर आणले आणि वजनाप्रमाणे पाडलेले वर्ग कायम ठेवले. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो आणि हौसेखातर उडवलेला २ किलोपर्यंतचा मायक्रो यांना पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. माझा ड्रोन त्याहून जड, म्हणून प्रशिक्षण, प्रमाणपत्र, विमा सगळं लागतं, आणि ते योग्यच आहे. भरलेली टाकी कुणाच्या डोक्यावर पडली तर माणूस जाईल. उडवण्याआधी मी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडतो. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाकडे सरकलं की पिवळा आणि लाल पट्टा लागतो, तिथे परवानगीशिवाय उडवायचं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या कायद्याचा मसुदा मांडला. त्यात तुरुंगवास आहे, पोलिसांना जप्तीचे अधिकार आहेत. धावपट्टीजवळ ड्रोन सोडणाऱ्याला तुरुंग जरूर दाखवा. पण नोंदणी राहून गेलेल्या लग्नाच्या फोटोग्राफरलाही गुन्हेगार ठरवलं, तर पोरं हा धंदाच सोडतील आणि चोरून उडवणारे मात्र उडवतच राहतील. शिक्षा धोक्याच्या मापाने असावी. कायदा कडक करण्याआधी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ड्रोनचा नोंदणी क्रमांक तिथल्या तिथे तपासता येईल, एवढी सोय करा. गावाची भीती त्यानेच कमी होईल.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. ड्रोन दिसला तर दगड उचलू नका. चालकाला गाठून नोंदणी क्रमांक विचारा. तो दाखवणं आमचं कर्तव्य आहे. दाखवला नाही, तर खुशाल पोलिसांना कळवा.