स्वतंत्र धंद्यात खरोखर किती सुटते?

सोयरीक जुळविताना, मुलाने नोकरी धरावी की दुकानात बसावे याचा विचार करताना, अथवा वाटणीचा प्रश्न निघाला असता एक प्रश्न हमखास पुढे येतो. तो म्हणजे, महिन्याकाठी किती सुटतात? नोकरदार या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देतो. स्वतंत्र धंदा करणारा मात्र कधी उलाढाल सांगतो, कधी गल्ल्यातील रक्कम सांगतो, तर कधी हसून विषय बदलतो. परक्यास हा आकडा न सांगितला तरी बिघडत नाही. परंतु तो स्वतःस ठाऊक नसणे घातक होय. कारण त्याच्याच आधारावर आपण घरखर्च ठरवितो, कर्ज काढतो आणि मुलांच्या आयुष्याची दिशा निश्चित करतो.

हा प्रश्न थोड्यांचा नव्हे. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाप्रमाणे २०२३-२४ साली देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के लोक स्वयंरोजगारी होते. त्यांत शेतकरी आले, दुकानदार आले, कारागीर आले, आणि घरच्या धंद्यात विनावेतन राबणारी माणसेही आली. या वर्गाची सरासरी मासिक कमाई पगारदारांच्या सरासरीपेक्षा कमी भरते, हेही तेच सर्वेक्षण सांगते. ‘धंद्यात नोकरीपेक्षा पैसा अधिक’ हा आपल्याकडील समज म्हणूनच एकदा हिशोबाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

चार आकडे, चार अर्थ

धंद्याच्या मिळकतीत चार आकडे वेगवेगळे ओळखावे लागतात. पहिला उलाढालीचा. दुसरा ढोबळ नफ्याचा, म्हणजे विक्रीतून मालाची पडतळ वजा जाता उरणारा. तिसरा निव्वळ नफ्याचा, म्हणजे भाडे, पगार, वीज, घट, घसारा इत्यादी खर्च वजा जाता राहणारा. बहुतेक व्यापारी येथेच थांबतात. परंतु याच्याही पुढे चौथा आकडा आहे. निव्वळ नफ्यातून स्वतःच्या भांडवलाचे व्याज आणि बुडीत उधारीची तरतूद वजा केली म्हणजे जे उरते, तेच मालकाच्या व त्याच्या कुटुंबीयांच्या श्रमाचे खरे मोल होय.

भांडवलाचे व्याज का वजा करावयाचे, असा प्रश्न काही सभासद विचारतील. उत्तर सरळ आहे. तीच रक्कम बँकेत मुदतीने ठेवली असती तर अंग न हलविता व्याज मिळाले असते. ते व्याज पैशाची कमाई आहे, आपल्या घामाची नव्हे.

खालील उदाहरणांतील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या वहीतील आकडे घालावेत.

वायरमन आणि किराणा दुकानदार

एखादा वायरमन दिवसाला ९०० रुपये घेतो असे धरू. ऐकणारा मनात २६ दिवसांनी गुणतो आणि २३,४०० रुपये म्हणतो. प्रत्यक्षात काही दिवस काम मिळत नाही, काही नुसते काम पाहून येण्यात जातात, तर काही सामान वेळेवर न आल्याने फुकट जातात. पुऱ्या मजुरीचे दिवस १९ भरले, तर हाती १७,१०० येतात. पेट्रोल, हत्यारे व फोन यांचे २,५०० आणि न मिळालेल्या मजुरीचे सरासरी ६०० वजा करता १४,००० उरतात. ऐकीव आकड्याच्या जेमतेम तीन पंचमांश!

आता किराणा दुकान पाहू. रोजची विक्री ९,००० रुपये, दुकान महिन्यातून २८ दिवस उघडे. म्हणजे विक्री २,५२,०००. सरासरी दहा टक्के सुटले तर ढोबळ नफा २५,२००. भाडे ५,०००, वीज १,५००, खराब व मुदत संपलेला माल १,५००, पिशव्या व किरकोळ ७००, असे ८,७०० गेले. निव्वळ नफा १६,५००. दुकानात माल तीन लाखांचा आणि उधारी एक लाखाची. या चार लाखांवर साडेसात टक्क्यांनी महिन्याचे व्याज २,५००. बाकी पुन्हा १४,००० च.

आकडा वायरमनचाच आला, परंतु त्यात एक मोठा फरक आहे. वायरमन एकटा राबला. दुकानात पती गल्ल्यावर आणि पत्नी निवडण-पुडीबंदीस, असे दोघे सकाळपासून रात्रीपर्यंत उभे होते. माणशी सात हजारच पडले. आपल्या घरांतील स्त्रियांचे व शिकणाऱ्या मुलांचे हे श्रम कोणत्याही खतावणीत खर्ची पडत नाहीत, म्हणून दुकान फायद्यात दिसते.

घाऊक धान्याची पेढी

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय घाऊक धान्याचा असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बेळगावच्या रविवार पेठेत पोत्यांच्या थप्प्या पाहणाऱ्यास हा धंदा लक्षाधीशांचा वाटतो. समजा, रोज २५ क्विंटल माल ५,००० रुपये भावाने विकला आणि महिन्यात २५ दिवस बाजार भरला. उलाढाल झाली ३१,२५,००० रुपयांची. वाहतूक व हमाली जाऊन तीन टक्के सुटले, म्हणजे ९३,७५०. त्यातून गोदामभाडे १२,०००, दिवाणजी व हमालाचा पगार ३०,०००, वीज-फोन-किरकोळ ५,००० आणि सुकवणीची घट ७,७५० काढा. निव्वळ नफा ३९,००० राहतो. उलाढालीच्या मानाने तो सव्वा टक्का आहे.

येथे भांडवल मात्र मोठे लागते. पंधरा लाखांचा माल आणि वीस लाखांची उधारी धरली, तर पस्तीस लाखांचे साडेसात टक्क्यांनी महिन्याचे व्याज २१,८७५ होते. राहिले १७,१२५. बुडीत खात्यासाठी २,१२५ बाजूस ठेवले की मालकाच्या श्रमाचे मोल पंधरा हजार! घरातील पदवीधर मुलास पंचवीस हजारांची नोकरी मिळत असता ‘आपली पेढी ३९ हजार देते, नोकरी कशाला’ असे जेव्हा वडील म्हणतात, तेव्हा ते व्याज आणि श्रम यांची बेरीज करून बोलत असतात. मुलाने नोकरी धरली आणि भांडवल बँकेत गेले, तर घरात दोन्ही मिळून ४६,८७५ येतील.

तथापि याचा अर्थ पेढ्या बंद कराव्यात असा नव्हे. कमाई कोठे अडकली आहे, हे हा हिशोब दाखवितो. सध्याची उधारी सरासरी एकोणीस-वीस दिवसांत वसूल होते. ती दहा दिवसांवर आणली तर दहा लाख रुपये मोकळे होतात आणि महिन्याला ६,२५० रुपये व्याज वाचते. भाव एक पैसा न वाढविता श्रमाचे मोल चाळीस टक्क्यांहून अधिक वाढले! घाऊक व्यापारात कमाई भावात कमी आणि भांडवलाच्या फिरतीत अधिक असते, हे तरुण सभासदांनी ध्यानात ठेवावे.

घरी बसून व्यावसायिक काम करणारे

अलीकडे आपल्या कुटुंबांतील अनेक मुलेमुली हिशोब लिहिणे, संगणकाची कामे, चित्ररचना, भाषांतर अशी कामे स्वतंत्रपणे करतात. त्यांची नेहमीची चूक दराची. चाळीस हजार हवेत म्हणून महिन्याचे २२ दिवस व रोजचे आठ तास यांनी भागून ते ताशी सव्वादोनशे रुपये दर सांगतात. परंतु काम मिळविणे, दुरुस्त्या करणे, पैशांसाठी तगादा लावणे यांत तीन तास जातात. ज्यांचे पैसे मिळतात असे तास पाचच, म्हणजे महिन्याचे ११०. शिवाय यंत्राचा घसारा, वीज व इंटरनेट यांचे ८,०००, आरोग्यविमा व वृद्धापकाळची तरतूद ७,००० मिळविता गरज ५५,००० ची होते. ११० ने भागले की दर ताशी ५०० येतो. निम्म्याहून कमी दराने काम स्वीकारणारा स्वतःच्या म्हातारपणातून गिऱ्हाइकास सूट देत असतो.

नोकरदाराशी तुलना करताना हेच विसरले जाते. भविष्यनिर्वाह निधीत त्याचा मालक वेतनाच्या १२ टक्के स्वतंत्रपणे भरतो, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान साठते, आणि रजेच्या दिवशीही पगार चालू राहतो. आपल्याला हे सर्व स्वतःच्या मिळकतीतून उभे करावयाचे आहे.

येणे वेळेवर न मिळाल्यास कायद्याचा आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकांचे आणि सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकविले पाहिजेत. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. उद्यमबागेतील सुटे भाग बनविणाऱ्यांनी आणि घरी काम करणाऱ्यांनी ही नोंदणी अवश्य करावी.

समारोप

मग कोणी धंदा करावा? ज्याचे श्रमाचे मोल त्याला इतरत्र मिळणाऱ्या पगाराइतके आहे किंवा तिकडे वाढत चालले आहे, त्याने निःशंक करावा. स्वतंत्र धंद्यात पत वाढते, चार घरांच्या चुली पेटतात आणि उत्पन्नास वरची मर्यादा नसते. मात्र खालीही धरून ठेवणारे कोणी नसते. ज्याचा चौथा आकडा तीन वर्षे सतत घसरतो आहे, त्याने घराण्याच्या नावाखातर मुलास त्या गादीवर बसवू नये.

वर्षअखेरीस खाती बंद करताना प्रत्येक सभासदाने उलाढाल, ढोबळ नफा, निव्वळ नफा आणि श्रमाचे मोल या चार ओळी वहीच्या शेवटच्या पानावर लिहाव्यात, आणि त्या पत्नीस व मोठ्या मुलामुलींस वाचून दाखवाव्यात. ज्यांच्या कष्टांवर दुकान चालते, त्यांना त्याचे खरे उत्पन्न जाणण्याचा पहिला अधिकार आहे.